इंजिन सगळ्यात शेवटी

वाचकाचं पत्र :

‘काका, मी सव्वीस वर्षांचा आहे, आयटीआय वेल्डर. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मित्राबरोबर भाड्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि ग्रिलं बनवतो. वाळवंटातल्या डाकार रॅलीचे व्हिडिओ बघून डोक्यात एकच बसलंय. पाइपच्या सांगाड्याची, शेजारी-शेजारी दोन सीटची साइड-बाय-साइड गाडी स्वतः बनवायची आणि राजस्थानच्या वाळवंटातल्या रॅलीत उतरायचं. अपघातातली एक अल्टो के-टेन भंगारातून घेऊन ठेवलीय. मित्र म्हणतो तिच्या इंजिनात दम नाही, हायाबुसा बाइकचं टाक. ट्रॉलीच्या कामातला दीड इंची जीआय पाइप पडून आहे, तो चालेल का? सस्पेन्शन पुढं-मागं अठरा इंची हवंय. हातात चार लाख आहेत. कमी पडले तर पूर्व भागात वडिलांचे चार माग आहेत, त्यातले दोन विकू म्हटलं तर आठ दिवस झाले ते माझ्याशी बोलत नाहीत. शेजारी बसायला मामेभाऊ तयार आहे. सराव नान्नजच्या माळावर करता येईल. काय करू?’

उत्तर :

तुझ्या पत्रात इंजिनाचा विषय आधी आला. मामेभावाच्या डोक्यावर जो पाइप येणार त्याचा नंतर, आणि तोही ‘पडून आहे’ म्हणून. हा क्रम तू उलटा करावास यासाठीच हे लांबलचक उत्तर लिहितोय. आधी दोघांच्या भोवतीचा सांगाडा, मग चाकं वर-खाली होण्याची व्यवस्था, मग इंजिनाला लागणारी स्वच्छ हवा आणि थंडावा. इंजिन सगळ्यात शेवटी.

पहिला पाइप कापायच्याही आधी एक काम आहे. ज्या रॅलीत उतरायचंय तिची नियमावली मिळव. डाकारमध्ये या गाड्यांना २०१७ साली स्वतंत्र गट मिळाला. तिथे आज एसएसव्ही गटात कारखान्यात बनलेल्या गाड्यांवर आधारलेल्या गाड्या धावतात आणि हलक्या प्रोटोटाइप गाड्यांचा ‘चॅलेंजर’ हा वेगळा गट आहे. म्हणजे तू बघतोस त्यातल्या निम्म्या गाड्यांशी तुझ्या गाडीची तुलनाच होत नाही. आपल्याकडे मोटर स्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते. स्पर्धेत उतरायला तिचा परवाना लागतो आणि प्रत्येक रॅलीचे आयोजक स्वतःचे पुरवणी नियम काढतात. घरी बनवलेली गाडी कुठल्या गटात धरता, सांगाड्याच्या पाइपचं माप काय मागता, रिव्हर्स गिअर सक्तीचा आहे का, हे त्यांना लेखी विचार आणि उत्तरही लेखी घे. फोनवर ‘या, बघू’ म्हणणारा माणूस आणि तपासणीच्या वेळी टॉर्च घेऊन तुझ्या गाडीखाली शिरणारा माणूस वेगळे असतात.

आणि यंदाच्या हिवाळ्यात, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली की, गाडीशिवाय एकदा राजस्थानात जाऊन ये. एखाद्या संघाबरोबर सर्व्हिसच्या कामाला जा, वेल्डरला कोणी नाही म्हणत नाही. व्हिडिओत ढिगावरून उडी मारणारी गाडी दिसते. संध्याकाळी तिच्या तुटलेल्या, चाक सांगाड्याला जोडणाऱ्या आर्मवर वेल्डिंग करणारे हात दिसत नाहीत. कुठली गाडी कशानं थांबली एवढं चार दिवस वहीत लिहून आणलंस तरी तुझ्या डिझाइनचा निम्मा अभ्यास झाला.

आता पाइप. तो जीआय पाइप ट्रॉलीलाच राहू दे. पाण्याच्या पाइपला आत दाब सहन करायचा असतो, तीन कोलांट्या खाऊन आकार टिकवायचा नसतो. त्यातलं पोलाद कोणतं, जाडी सगळीकडे सारखी आहे का, याची खात्री कोणी देत नाही. वर जस्ताचा थर. तो वितळून जोडात बुडबुडे धरतात आणि त्याचा धूर तुझ्या छातीत जातो. बाजारात ‘सीडीएस’ म्हणून मागितलास तर थंड ओढलेला, बिनजोडाचा पाइप मिळतो. सोलापुरात हव्या त्या मापात मिळाला नाही तर पुण्याहून आण, पण मिल टेस्ट सर्टिफिकेटशिवाय घेऊ नकोस. मोटर स्पोर्टची जागतिक संघटना असलेल्या एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा किंवा ५० मिमी व्यासाचा, २ मिमी जाडीचा पाइप लागतो. बाकीच्या भागांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ चालतो. पोलादात कार्बन ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त नको. वजनाची धास्ती असेल तर हिशेब करून बघ. ४५ बाय २.५ चा पाइप मीटरला सुमारे २.६ किलो भरतो, ४० बाय २ चा १.९ किलो. दहा मीटर जाड आणि तीस मीटर बारीक धरला तरी सगळा सांगाडा पंच्याऐंशी किलोच्या आत. दोन माणसांच्या जिवासाठी हे वजन मला अजिबात जास्त वाटत नाही.

कोणी ४१३० क्रोमोली सुचवेल. ते पोलाद उत्तमच आहे, पण जोडाशेजारचा पट्टा कडक होऊन तडकू नये म्हणून त्याला जी शिस्त लागते ती शेडमध्ये पाळणं कठीण. पहिल्या गाडीला साधा सीडीएस आणि नीट केलेलं आर्गन वेल्डिंग. ट्रॉलीला रॉडचं वेल्डिंग चालतं, इथे नाही. पाइप वाकवायचा तो थंडच. वाळू भरून, गॅसनं लाल करून वाकवायची आपल्याकडची पद्धत इथे बंद. वाकाची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी आणि वाकाच्या आतल्या बाजूला सुरकुती दिसली की तो तुकडा बाद.

सांगाडा कागदावर काढण्याआधी शेतीच्या पाइपलाइनचा पीव्हीसी पाइप आण आणि खोटा सांगाडा उभा कर. दोन सीट जमिनीवर ठेवा, दोघं हेल्मेट घालून बसा. हेल्मेटपासून वरच्या पाइपापर्यंत सहा इंच मोकळे राहतात का बघ; कॉलेजच्या मुलांच्या गाडी बनवायच्या बाहा स्पर्धेतही एवढं अंतर मागतात. मामेभाऊ तुझ्यापेक्षा उंच असेल तर माप त्याचं. बेल्टचे खांद्यावरचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना फार खाली उतरू नयेत. उताराचा कोन ४५ अंशांपलीकडे नकोच, दहा अंशांच्या आत असेल तर चांगलं. पट्टे सरळ खाली ओढलेले असले तर आपटल्यावर ते मणका दाबतात. बाजूला जाळ्या लाव. गाडी उलटताना माणूस हात बाहेर काढून जमिनीला टेकवायला बघतो. हा हात आवरणं त्याच्या मनावर नसतं, म्हणून जाळी. पीव्हीसीतच दोघांनी बेल्ट लावून, बेल्ट सोडून, दोन्ही बाजूंनी बाहेर पडून बघा. जिथं गुडघा अडकेल तिथला पाइप हलव.

वेल्डिंग तुझा धंदा आहे, तरी इथे स्वतःला नापास करायची तयारी ठेव. त्याच पाइपचे चार-पाच टी-जोड कर. दोन मधोमध कापून, घासून बघ, वितळलेलं पोलाद मुळापर्यंत पोचलंय का. उरलेले व्हाइसमध्ये धरून घणानं वाकव. पाइप फाटला आणि जोड शाबूत राहिला तर पुढे जा. जोड सुटला तर अँपिअर, फटीचं माप, पाइपच्या टोकाची गोलाई सगळं परत बघ. बाहा स्पर्धेत मुलांना असे नमुने तपासणीला न्यावे लागतात. तू कोणासाठी नाही, मामेभावासाठी कर.

इथे वडिलांची गरज लागणार आहे, आणि हे मी घरातला अबोला मिटावा म्हणून लिहीत नाही. वाळवंटातली गाडी बहुतेकदा एका मोठ्या दणक्यानं मोडत नाही. हजारो लहान दणक्यांनी थकून मोडते. नवी कोरी पट्टी, मजबूत दिसणारा ब्रॅकेट, आणि एक दिवस बोल्टच्या भोकापासून केसासारखी चीर निघते. माग चालवणाऱ्या माणसानं हे आयुष्यभर पाहिलेलं असतं. धोट्याला मार देणारे भाग मिनिटाला शंभराच्या वर ठोके खातात आणि कुठून तडकतात ते तो अंधारातही बोट ठेवून दाखवेल. तुझे सस्पेन्शन आर्म त्यांच्यासमोर ठेव आणि विचार, ‘बाबा, हे कुठून तुटेल?’ अचानक संपणारी गसेट म्हणजे कोपऱ्यातली आधारपट्टी, आर्मच्या मधोमध ओढ घेणाऱ्या बाजूला टाकलेला आडवा टाका, उगाच मारलेलं भोक, धारदार कोपरा, हे सगळं त्यांच्या नजरेला खटकेल. रॉड एंड म्हणजे गोळ्यावर फिरणारा सांधा लावशील तिथे दोन्ही बाजूंनी पट्टी ठेव, एका बाजूनं लोंबकळता ठेवू नकोस; आणि त्याच्या आट्याच्या दांडीवर वाकवणारा भार येऊ देऊ नकोस. डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच घे. पुसायचं, लाल औषध मारायचं, परत पुसून पांढरी पावडर मारायची. डोळ्याला न दिसणारी चीर लाल रेघ होऊन वर येते. सरावाच्या प्रत्येक फेरीनंतर आर्म आणि सांगाड्याचे जोड याने तपास.

आता अठरा इंची सस्पेन्शन. पोलारिस आरझेडआर एक्सपी १००० ला पुढे सोळा आणि मागे अठरा इंच ट्रॅव्हल, म्हणजे चाकाची वर-खाली हालचाल, मिळतो हे खरं, पण ती ६४ इंच रुंद आहे आणि तिचे ड्राइव्हशाफ्ट त्या हालचालीसाठीच बनवलेत. तू अल्टोचं इंजिन-गिअरबॉक्स अख्खं उचलून सीटच्या मागे ठेवणार, म्हणजे मागची चाकं अल्टोच्याच शाफ्टवर फिरणार. आतला सांधा एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. उदाहरणाला शाफ्ट ४५ सेंटीमीटर धर आणि सांधा सुरक्षितपणे वीस अंशांपर्यंत वाकतो असं धर. चाक वर १५.४ आणि खाली १५.४, एकूण जेमतेम ३१ सेंटीमीटर. बारा इंच. अठरा इंचांचा आर्म बनवलास तर पहिल्याच उडीत सांधा बाहेर येईल किंवा फुटेल, आणि तिथून गाव किती लांब असेल सांगता येत नाही. मला विचारशील तर बारा इंचांचा नीट आवरलेला ट्रॅव्हल कितीतरी चांगला. अल्टोचे डावे-उजवे शाफ्ट सारख्या लांबीचे नाहीत, त्यामुळे आखूड शाफ्टवर सगळा हिशेब बसव किंवा दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारं डिफरन्शियल गाडीच्या मध्यावर येईल असं इंजिन सरकव.

स्प्रिंग अंदाजानं घेऊ नकोस. समज, दोन माणसं आणि पेट्रोलसकट गाडी ८५० किलोची झाली, त्यातलं ४० टक्के वजन पुढे. एका पुढच्या चाकावर १७० किलो, चाक-हब वगळून स्प्रिंगनं पेलायचं वजन १३० किलो. गाडीनं सेकंदाला दीड हेलकावा घ्यावा असं ठरवलंस तर चाकाजवळचा कडकपणा मिलिमीटरला ११.५ न्यूटन येतो आणि गाडी स्वतःच्या वजनानं ११ सेंटीमीटर खाली बसते. ३१ मधले ११ म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. चाकाला खड्ड्यात खाली जायला जागा राहिली आणि वर यायला वीस सेंटीमीटर उरले. जमलं. पण शॉकअप आर्मच्या टोकाला न बसता मध्येच कुठेतरी बसणार. चाक दहा सेंटीमीटर हललं की शॉकअप सहा दबत असेल तर ०.६ चा वर्ग करून भाग, स्प्रिंग ३२ न्यूटनांची लागेल. हा वर्ग विसरून लोक ११-१२ ची स्प्रिंग लावतात आणि गाडी पोटावर बसते. शॉकअप मात्र घरी बनवायच्या नादाला लागू नकोस. वेगळी टाकी असलेले, उघडून परत बांधता येणारे विकत घे. चार लाखांतला मोठा तुकडा इथे जाईल आणि तो योग्य जागी गेला असेल.

आर्म बसले की स्प्रिंग काढून ठेव, जॅकनं चाक अगदी खालून अगदी वरपर्यंत हलव आणि हबला बांधलेली पट्टी भिंतीवर काय रेघ काढते बघ. चाक वर जाताना आत किंवा बाहेर वळत असेल तर स्टीअरिंगचा टाय रॉड चुकीच्या उंचीवर किंवा चुकीच्या लांबीचा आहे. रॅकचं आतलं टोक वरच्या-खालच्या आर्मच्या आतल्या खुंट्यांना जोडणाऱ्या रेषेवर आण. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-तीनदा ब्रॅकेट कापून परत लावावा लागतो. पण याची कसर राहिली तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपल्या मनानं वळते आणि चालवणारा तासाभरात थकतो.

टायरचा मोह आवर. सगळ्यांना अठ्ठावीस-तीस इंची टायर आवडतात. अल्टो के-टेनचा मूळ टायर जेमतेम एकवीस इंच व्यासाचा. अठ्ठावीस इंची लावलास की चाकाला मिळणारी ओढ पाव हिश्श्यानं घटते, आणि वाळूत पहिल्या गिअरमध्ये क्लच जळतो. सव्वीस इंची घे, ओढ तरी पाचवा हिस्सा जाईलच. वाळूत हवा बारा-पंधरा पौंडांवर आणायची, म्हणून टायर रिमवरून न निसटणारे बीडलॉक रिम लागतील. दोनच चाकांना ओढ आणि साधं डिफरन्शियल, म्हणजे एक चाक फिरत राहून दुसरं नुसतं उभं राहणार. यावर उपाय तुझ्या शेडबाहेर उभा असतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात ना, तशी मागच्या दोन चाकांना वेगळी हायड्रॉलिक दांडी दे. फिरणारं चाक धरलं की दुसऱ्याला ओढ मिळते. नियमांत चालतं का तेवढं आधी विचारून घे.

हवेचा भाग सोलापूरकराला सोपा जावा. वाळवंटात इंजिन मारते ती डोळ्याला दिसणारी वाळू नसते, पुढच्या गाडीनं उडवलेली पिठासारखी धूळ असते. सिलिंडरमध्ये गेली की रिंगा आणि भिंती घासून टाकते. कारचा फिल्टर यापुढे टिकत नाही. के-टेनचं इंजिन ९९८ सीसीचं. सहा हजार फेऱ्यांना ते मिनिटाला जास्तीत जास्त तीन घनमीटर हवा ओढतं. आता २.७ लिटरचं ट्रॅक्टरचं इंजिन घे, बावीसशे फेऱ्यांना तेही बरोबर तेवढीच ओढतं. म्हणजे पन्नासेक अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचा कोरडा फिल्टर, वर धूळ गरगरवून बाजूला टाकणारा प्री-क्लीनर आणि आत दुसरं सुरक्षा एलिमेंट असलेला, तुझ्या इंजिनाला मापात बसतो आणि सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतो. तो छताच्या उंचीला, सीटच्या मागे बसव. फिल्टर ते इंजिन हा पाइप सगळ्यात महत्त्वाचा. तिथला एक सैल क्लॅम्प सगळं फुकट घालवतो.

आणि आता इंजिन. हायाबुसाचं १,३४० सीसीचं इंजिन ताकदीला प्रचंड आहे, यात वाद नाही. पण ती ताकद वरच्या फेऱ्यांवर मिळते, क्लच अडीचशे-पावणेतीनशे किलोच्या मोटरसायकलसाठी आहे, चाकापर्यंत उघडी साखळी जाणार आणि वाळू साखळीला कानशीसारखी खाते. शिवाय रिव्हर्स नाही. ढिगाच्या उतारावर नाक रुतलं की मागे येता आलंच पाहिजे. कारखान्यातल्या बहुतेक साइड-बाय-साइडना पट्ट्यावरचं, गिअर न बदलता चालणारं सीव्हीटी असतं. तेही तुझ्यासाठी नको, तापलेला पट्टा हे त्यांचं कायमचं दुखणं आहे. यामाहानं वायएक्सझेड १०००आर मध्ये पट्टा टाळून पाच गिअर दिले होतेच. तुझ्याकडे असलेलं के-टेन तीन सिलिंडरचं, सुमारे ६७ अश्वशक्तीचं, गिअरबॉक्स आणि रिव्हर्ससकट, आणि जैसलमेरच्या गॅरेजमध्येही त्याचा सुटा भाग मिळेल असं. भारतीय रॅलींत वर्षानुवर्षं पळालेल्या जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाला ८० अश्वशक्ती होती आणि गाडी तुझ्या ठरवलेल्या वजनापेक्षा जड. तुझी गाडी हलकी राहिली तर ६७ पुरतात. म्हणून प्रत्येक टप्प्याला तिला वजनकाट्यावर ने, पुढची-मागची चाकं वेगवेगळी तोल. के-टेनवर एक मोसम पूर्ण कर. इंजिन कमी पडतंय असं तेव्हाही वाटलं तर बदल. सांगाडा आणि आर्म तेच राहतील.

रेडिएटर मोठा, वर आणि मागे, दोन पंख्यांसह. त्याची परीक्षा आपल्याच मे महिन्यात घे, त्रेचाळीस अंशांत पहिल्या गिअरवर अर्धा तास. पेट्रोलची टाकी आणि सीट यांच्यात पत्र्याची भिंत, आतून आणि बाहेरून बंद करता येणारं कट-ऑफ स्विच, आग विझवायचं नळकांडं हाताला लागेल असं. हेल्मेट, बेल्ट, सीट, अंगावरचा सूट यांवर एफआयएचं लेबल आणि मुदत बघ. जुन्या बाजारातला बेल्ट नको.

नान्नजचा विचार सोडून दे. तो माळ मोकळा दिसतो, पण १९७९ पासून ते माळढोक अभयारण्य आहे. माळढोक जमिनीवर घालतो ते बहुतेक एकच अंडं, आणि आपल्याकडे तो आता क्वचितच दिसतो. काळवीट, लांडगे, सगळे त्याच गवतावर जगतात. तिथे गाडी घालणं गुन्हा आहे, आणि नसता तरी मी तुला नकोच म्हटलं असतं. जैसलमेरच्या बाजूलाही हाच पक्षी शेवटचा तग धरून आहे, तिथे त्याला गोडावण म्हणतात. म्हणून रॅलीतही आखून दिलेली वाट सोडायची नसते. सीना-भीमेच्या पात्रातही जाऊ नकोस. ओळखीतली बंद पडलेली मुरमाची खाण बघ, मालकाची लेखी परवानगी घे, ॲम्ब्युलन्स येईल एवढा रस्ता आहे ना ते बघ. वाळू मिळणार नाही, पण आर्म आणि शॉकअपला मुरूम वाळूपेक्षा कठोर मास्तर आहे. उन्हाळ्यात भेगाळलेलं काळं रान मिळालं तर त्याहून उत्तम. गाडी शेडपासून खाणीपर्यंत न्यायची ती टेम्पोवर घालूनच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि अशा घरबांधणीच्या गाडीची आरटीओत नोंदणी होणार नाही. अक्कलकोट रोडवर ‘फक्त एक चक्कर’ हासुद्धा गुन्हाच.

पैसा. माग विकायचे नाहीत. ते रोज सकाळी चालू होतात आणि घर चालवतात. गाडी तुझ्याकडून घेतच राहणार आहे. लोक गाडी बनवण्याचा खर्च धरतात आणि ती पळवण्याचा विसरतात. जैसलमेर इथून चौदाशे किलोमीटरच्या आसपास, टेम्पोचं डिझेल, प्रवेश फी, परवाना, विमा, जादा टायर, दोन मदतनीसांचं खाणं-राहणं. चार लाखांतले निम्मे आजच वेगळे काढून ठेव आणि ते रॅलीचे समज. उरलेल्या दोन लाखांत यंदा सीडीएस पाइप, चार शॉकअप, बेल्ट-सीट एवढंच होईल. होऊ दे. सांगाडा आणि आर्म यावर्षी, इंजिन आणि वायरिंग पुढच्या वर्षी, रॅली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात. घाईनं पुढच्याच जानेवारीत उतरायला हवं असं तुझ्या पत्रात कुठेच लिहिलेलं नाही. माग विकणार नाही हे वडिलांना आधी सांग, चार शब्दांत. आर्म दाखवायला त्यानंतर ने.

मामेभावाबद्दल तू एकच वाक्य लिहिलंयस. त्याला ‘शेजारी बसायचं’ नसतं. रोडबुकमधली म्हणजे वाटेच्या वहीतली खूण, ट्रिपमीटरचं अंतर आणि होकायंत्राची दिशा एका नजरेत जुळवून तुला वेळेत ओरडून सांगायचं असतं, हलत्या गाडीत, तासन्‌तास. त्याला आतापासून कामाला लाव. सोलापूर ते बार्शीमधल्या गावरस्त्यांचं रोडबुक त्यानं स्वतः काढावं आणि तुझ्या साध्या मोटारसायकलवर मागे बसून तुला रस्ता सांगावा. त्याला चालत्या गाडीत वाचताना मळमळतं का, हे मुरमाच्या खाणीत कळण्याऐवजी आत्ताच कळलेलं बरं.

पुढच्या पत्रात मला दोन गोष्टी हव्यात. अल्टोचे दोन्ही ड्राइव्हशाफ्ट बाहेर काढून, सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेली लांबी, आणि आतला सांधा कुठलाही अटकाव न होता किती अंश वाकतो ते. दुसरं, मधोमध कापून घासलेल्या टी-जोडाचा फोटो. शाफ्टची मापं हातात येईपर्यंत आर्मचं ड्रॉइंग सुरू करू नकोस.